मुरुमांचे खड्डे आणि लेसर

मुरुम जातात, खड्डे मागे राहतात. खोल खड्डे मलमांनी भरून येत नाहीत, म्हणून पुढची विचारणा बहुतेक वेळा लेसरचीच होते. लव काढणारं, गोंदण पुसणारं आणि त्वचेचा पृष्ठभाग नव्याने घडवणारं लेसर वेगवेगळं असतं. आज या शेवटच्या प्रकाराविषयी.

त्यातलं जुनं आणि आजही भरवशाचं साधन म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेसर. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ते घडवणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, आणि तो पाण्यात लगेच शोषला जातो. त्वचेत पाणी भरपूर असल्यामुळे किरण पडतो तिथला पातळ थर वाफ होऊन उडून जातो, त्याखालचा भाग तापतो. ही जखम भरताना शरीर नवं कोलॅजन तयार करतं आणि खड्डा थोडा वर येतो. लेसर फक्त मोजूनमापून जखम करतं, त्वचा सुधारते ती जखम भरण्याच्या क्रियेतून. म्हणूनच ती जखम कशी भरेल, यावर सगळा फायदा-तोटा अवलंबून असतो.

१९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत चेहऱ्याचा अख्खा वरचा थर काढत. सुरकुत्या छान जात, पण लाली महिनोन्महिने टिकायची आणि काहींच्या त्वचेवर पुढे कायमचे फिके पट्टे उमटायचे. २००४ मध्ये फ्रॅक्शनल पद्धत मांडली गेली. तिच्यात किरण बारीक बारीक ठिपक्यांत विभागला जातो. मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्यातून जखम लवकर भरते. काही दिवस सूज आणि लाली, मग बारीक खपल्या, आणि साधारण आठवडाभरात माणूस कामावर जाऊ शकतो. खरा फरक मात्र पुढचे तीन ते सहा महिने हळूहळू दिसत राहतो.

आता आपल्या रंगाचं. त्वचेचे प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी १९७५ ची. सुरुवातीला तिच्यात फक्त गोऱ्या त्वचेचे प्रकार होते, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे दोन नंतर जोडले गेले. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारातले. आपल्या त्वचेतल्या रंगपेशी अत्यंत जागरूक असतात. साध्या मुरुमाचाही काळा डाग राहतो, तर भाजण्यासारख्या जखमेचा का राहणार नाही? हे काळवंडणं बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतं, पण लग्न पंधरा दिवसांवर असताना लेसर करून घेणाऱ्या मुलीला ते कोणी आधी सांगितलेलं नसतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. सावळ्या त्वचेवर ठिपके विरळ ठेवावे लागतात, ऊर्जा बेताची ठेवावी लागते आणि एका सिटिंगऐवजी तीन-चार करावी लागतात. 'एकदाच करून टाकू' असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं.

पसरट आणि उथळ खड्ड्यांना लेसरचा चांगला उपयोग होतो. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना त्या मानाने फारच कमी. त्यांच्यासाठी तीव्र ॲसिडचा थेंब आत सोडणं किंवा छोटी शस्त्रक्रिया करणं बरं. खालून ओढल्या गेलेल्या खड्ड्यांत सुईने आतले धागे सोडवतात. चांगला त्वचारोगतज्ज्ञ या पद्धतींची सांगड घालतो. खड्डे पूर्ण नाहीसे होत नाहीत, ते कमी होतात. तरीही वर्षानुवर्षं मान खाली घालून बोलणाऱ्या माणसासाठी ती सुधारणा मोलाची असते, आणि अशा माणसाला मी हा उपचार जरूर सुचवेन. वांगासाठी मात्र हे लेसर घ्यायला जाऊ नये. उष्णतेने वांग आणखी गडद होऊ शकतो. रंग गोरा करण्यासाठी तर मुळीच नाही.

डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगाव्यात: ओठांवर हर्पिसचे फोड येतात का (आधीच गोळ्या सुरू कराव्या लागतात), जखमांचे फुगीर केलॉइड होतात का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलं होतं का, गर्भारपण आहे का. आयसोट्रेटिनॉइननंतर पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत. फ्रॅक्शनल प्रकारात आता तो नियम सैल झाला आहे, पूर्ण थर काढणाऱ्या लेसरसाठी सावधगिरी कायम आहे. आधी कानाजवळ छोट्या जागी चाचणी करून पाहावी.

उपचारानंतर खपल्या ओढू नयेत. दुचाकीवर स्कार्फ बांधावाच, पण जखम भरल्यावर सनस्क्रीनही हवं. ठणका वाढत गेला, पू दिसला किंवा फोड उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं, कारण संसर्ग लांबला तर नवा व्रण राहतो. ब्यूटी पार्लरमध्ये हे लेसर करून घेऊ नये, हे यासाठीच.