अस्सल, नक्कल आणि बनावट : लान्चिया स्ट्रॅटोसच्या प्रतिकृतींची कहाणी

लान्चिया स्ट्रॅटोस ही इटालियन स्पोर्ट्स कार कारखान्यातून बाहेर पडली ती पाचशेपेक्षाही कमी संख्येने. सर्वसाधारणपणे ४९२ हा आकडा दिला जातो. त्यातील काही गाड्या शर्यतींत मोडल्या, काही संग्रहालयांत गेल्या आणि उरलेल्या संग्राहकांच्या गॅरेजमध्ये बंदिस्त झाल्या. त्यामुळे युरोपातील मोटारींच्या एखाद्या मेळाव्यात पाचरीच्या आकाराची ही ठेंगणी गाडी दिसली, तरी ती अस्सल असेलच असे नाही. ती ब्रिटनमधील एखाद्या छोट्या कारखान्याच्या सुट्या भागांतून, कुणा हौशी माणसाने घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे खपून उभी केलेली प्रतिकृतीही असू शकते.

अशा प्रतिकृतीला 'खोटी गाडी' म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. परंतु प्रतिकृती आणि बनावट मोटार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातील सीमारेषा नेमकी कुठे आहे, हा प्रश्न खरेदीदाराच्या खिशाशी, रस्त्यावरील सुरक्षिततेशी आणि एखाद्या आकारावर मालकी कुणाची, या कायद्याच्या वादाशी जोडलेला आहे.

प्रदर्शनातली पाचर

या कहाणीची सुरुवात १९७० च्या तुरिन मोटार प्रदर्शनात झाली. बर्तोने या नामवंत आरेखन संस्थेने तेथे 'स्ट्रॅटोस झीरो' नावाची संकल्पना मोटार मांडली. तिचा आराखडा मार्चेल्लो गांदिनी यांचा होता. लाम्बोर्गिनी मिउरा आणि काउंताक या गाड्यांचे शिल्पकार म्हणून मोटारजगत त्यांना ओळखते. मार्च २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. झीरोची उंची अवघी ८४ सेंटिमीटर, म्हणजे घरातील जेवणाच्या टेबलापेक्षा जेमतेम दहा सेंटिमीटर जास्त. तिला बाजूचे दरवाजेच नव्हते. पुढची काच वर उचलायची आणि तिथूनच आत शिरायचे, अशी रचना होती. इंजिन मात्र लान्चियाच्याच फुल्विया या गाडीचे होते.

नुच्चो बर्तोने ही गाडी स्वतः चालवत लान्चियाच्या कार्यालयात गेले आणि फाटकावरील आडव्या दांड्याखालून ती थेट आत शिरली, असा किस्सा आजही सांगितला जातो. किश्श्याचा भाग सोडला, तरी त्यातून पुढे घडले ते खरे आहे. फियाटने १९६९ मध्ये ताब्यात घेतलेल्या लान्चियाला रॅली शर्यतींसाठी नवी गाडी हवी होती. कंपनीच्या शर्यत विभागाचे प्रमुख चेझारे फिओरिओ आणि बर्तोने यांच्यातील सहकार्यातून १९७१ च्या तुरिन प्रदर्शनात 'स्ट्रॅटोस एचएफ' अवतरली. झीरो ही कल्पनाविलासाची गाडी होती. एचएफ खडबडीत रस्त्यांवर धावण्यासाठी घडवलेली होती.

तिच्या पाठीमागे चालकाच्या आसनालगत फेरारी डिनोचे २.४ लिटरचे व्ही-सिक्स इंजिन आडवे बसवले होते. रस्त्यावरील आवृत्तीत ते १९० अश्वशक्ती देई. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर केवळ २.१८ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्याकडच्या मारुती ८०० एवढेच. त्यामुळे वळणावर ती झटकन फिरे; पण नवख्या चालकाच्या हातून तितक्याच झटकन सुटतही असे. पोलादी सांगाड्यावर फायबर ग्लासची हलकी बॉडी, असे तिचे स्वरूप होते.

लान्चियाने १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे जागतिक रॅलीचे उत्पादक विजेतेपद पटकावले. सान्द्रो मुनारी यांनी १९७५ ते १९७७ या तिन्ही वर्षी स्ट्रॅटोस चालवत मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. पुढे फियाटने आपल्या १३१ अबार्थ या गाडीला प्राधान्य दिले आणि स्ट्रॅटोस मागे पडली. तरीही १९७९ मध्ये बर्नार दार्निश यांनी खासगी संघाकडून याच गाडीने पुन्हा मॉन्टे कार्लो जिंकून दाखवली.

मागणी मोठी, गाड्या मोजक्या

स्पर्धेच्या नियमांनुसार ठराविक संख्येने गाड्या बनवणे भाग होते, म्हणून तेवढ्याच बनल्या. नव्या होत्या तेव्हा त्या सहजासहजी खपल्याही नाहीत. पुढे मात्र त्यांना दंतकथेचे वलय लाभले आणि अस्सल स्ट्रॅटोसची किंमत कित्येक लाख युरोंच्या घरात गेली. झीरो तर एकुलती एक. मायकेल जॅक्सनच्या 'मूनवॉकर' या १९८८ च्या चित्रपटात झळकलेली ही गाडी २०११ मध्ये इटलीतील लिलावात सुमारे ७ लाख ६० हजार युरोंना विकली गेली.

या दुर्मिळतेतूनच प्रतिकृतींचा जन्म झाला. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्ट्रॅटोसचे 'किट', म्हणजे जोडणीचा संच मिळू लागला. पुढे हॉक कार्स आणि लिस्टर बेल ही नावे या क्षेत्रात प्रसिद्ध झाली. मूळ गाडीची बॉडीच फायबर ग्लासची असल्याने साच्यातून तसाच आकार काढणे छोट्या कारखान्यालाही शक्य होते. पत्र्याच्या बॉडीसाठी लागणारी प्रचंड दाबयंत्रे इथे लागत नाहीत. मूळ गाडीच्या रचनेनेच अशा रीतीने नकलेची वाट सोपी करून ठेवली होती.

संच येतो, मोटार घडवावी लागते

किट म्हणजे तयार गाडी नव्हे. कारखान्याकडून सांगाडा, बॉडीचे भाग, काचा आणि लहानमोठे सुटे भाग मिळतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि इतर यंत्रणा बहुधा जुन्या, मोडीत निघालेल्या मोटारीतून घ्यावी लागते. तिला या व्यवसायात 'डोनर', म्हणजे दाता गाडी म्हणतात. डिनोचे इंजिन दुर्मिळ आणि महाग. म्हणून सुरुवातीच्या काही संचांत लान्चिया बीटाचे दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिन वापरले गेले. नंतर अल्फा रोमिओचे तीन लिटरचे व्ही-सिक्स इंजिन लोकप्रिय ठरले. ते इटालियनच, आवाजाला दमदार आणि ताकदीच्या बाबतीत मूळ इंजिनालाही मागे टाकणारे. म्हणजे बाहेरून स्ट्रॅटोस, आतून अल्फा, अशी ही जोडगोळी असते.

घरी जोडलेली अशी मोटार थेट रस्त्यावर आणता येत नाही. ब्रिटनमध्ये तिला 'आयव्हीए' नावाच्या वैयक्तिक वाहन तपासणीतून जावे लागते. ब्रेक, सुकाणू, सीट बेल्ट, दिवे, धूर आणि आवाज यांबरोबरच पादचाऱ्याला इजा करतील अशा धारदार कडा तर नाहीत ना, हेही तिथे पाहिले जाते. एखादे वाहन कोणत्या वर्षीचे आणि कुठल्या भागांचे हे निश्चित सांगता येत नसेल, तर त्याला 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो. वाहनाच्या अंगावरच त्याच्या संदिग्ध जन्माची नोंद लावून ठेवणारी ही पद्धत आहे. फसवणूक रोखण्याचा हा साधा पण परिणामकारक उपाय ठरतो.

आकारावर हक्क कुणाचा?

प्रश्न खरा अवघड होतो तो न्यायालयात. याबाबतचा एक गाजलेला निकाल स्ट्रॅटोसचा नसून फेरारीचा आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील एक व्यावसायिक फेरारी डेटोना स्पायडर आणि टेस्टारोसा यांसारख्या दिसणाऱ्या फायबर ग्लासच्या बॉडी विकत असे. त्या शेव्हरोले कॉर्व्हेट किंवा पॉन्टिअ‍ॅक फिएरोच्या सांगाड्यावर बसवल्या जात. संच सुमारे साडेआठ हजार डॉलरचा, तर पूर्ण तयार गाडी सुमारे ५० हजार डॉलरची. विकत घेणाऱ्याला ही फेरारी नाही हे पक्के ठाऊक असे. तरीही १९९१ मध्ये तेथील अपील न्यायालयाने फेरारीच्या बाजूने कौल दिला. खरेदीदाराची फसगत होत नसली, तरी रस्त्यावरून ती गाडी पाहणाऱ्याची होऊ शकते आणि त्यातून मूळ गाडीची प्रतिष्ठा उणावते, असा त्यामागील विचार होता. तीनपैकी एका न्यायमूर्तींनी मात्र भिन्न मत नोंदवले. कायद्याने जपायचे ते संभाव्य ग्राहकाला आणि त्याला तर सारे सांगितलेलेच होते, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे २०१९ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या न्यायालयाने फेरारी २५० जीटीओ ही कलाकृती मानून तिच्या आकाराला संरक्षण दिले. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. किमान २५ वर्षांपूर्वीच्या मोटारींच्या प्रतिकृती छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत बनवता येतात. मात्र त्या आकाराच्या हक्कधारकाचा परवाना हवा. इंजिनाने धुराचे निकष पाळायला हवेत आणि वाहनाला कोणत्या सुरक्षा नियमांतून सूट मिळाली आहे, याची पट्टी गाडीवर कायम लावलेली असावी लागते.

स्ट्रॅटोसच्या बाबतीतही मूळ कंपन्यांची नाराजी प्रकल्प थांबवू शकते, याचा अनुभव आला. जर्मन उद्योगपती मिखाएल श्टोशेक यांनी २०१० मध्ये फेरारी ४३० स्क्युदेरियाचा सांगाडा आखूड करून 'न्यू स्ट्रॅटोस' घडवून घेतली. मोजक्या संख्येने ती बनवण्याचा बेत फेरारीची साथ न मिळाल्याने त्या वेळी बारगळला. २०१८ मध्ये तुरिनच्या एका छोट्या कारखान्याने अशा २५ गाड्या बनवण्याचे जाहीर केले. पण दाता म्हणून लागणारी फेरारी ग्राहकानेच आणायची होती. एका संग्राह्य गाडीच्या आठवणीसाठी दुसरी संग्राह्य गाडी मोडायची, असा हा सौदा होता.

भारतातील वाट बिकट

मुंबई-पुण्यातील कुणा मोटारप्रेमीला असा संच मागवून गाडी उभी करण्याचा मोह झाला, तर त्याने आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने मुळात नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितले. नव्या वाहनाच्या नमुन्याची पुण्यातील 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. ही व्यवस्था उत्पादकांसाठी आखलेली आहे. एकुलत्या एका हौशी मोटारीसाठी ती सोपी नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलेली 'व्हिंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणीही पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी आहे. कालच जोडलेल्या जुन्या आकाराला तिचा आधार मिळत नाही.

खोटेपणा कागदावर असतो

मग प्रतिकृती वाईट का? आकाराच्या हक्काचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तर उत्तर गाडीच्या कागदपत्रांत सापडते. आपण स्ट्रॅटोसची प्रतिकृती आहोत, आपल्या पोटात अल्फाचे इंजिन आहे आणि आपला जन्म अमुक वर्षी अमुक गॅरेजमध्ये झाला, हे जी गाडी नोंदणीपत्रातून उघडपणे सांगते, ती खरेदीदाराला फसवत नाही. अस्सल गाडी संग्राहकाच्या तिजोरीत पडून असताना तो आकार, ती वळणे आणि तो आवाज लोकांसमोर ठेवण्याचे काम तीच करते. अपघाताच्या भीतीने कुणी कोट्यवधींची मूळ गाडी डोंगराळ घाटात पळवणार नाही. प्रतिकृती पळवता येते.

बनावट सुरू होते ती या नोंदी पुसल्या जातात तेव्हा. जुन्या, मोडलेल्या अस्सल गाडीचा चॅसिस क्रमांक नव्या सांगाड्यावर ठोकणे, इतिहासाचे कागद जुळवणे आणि किटच्या किमतीची वस्तू अस्सल म्हणून विकायला काढणे, हा सरळ गुन्हा आहे. म्हणूनच जाणकार खरेदीदार रंग आणि चकाकी पाहण्याआधी चॅसिस व इंजिनाचे क्रमांक, सांगाड्याचे जोड, जुनी छायाचित्रे आणि मालकीहक्काची अखंड साखळी तपासतात. प्रतिकृती घेणाऱ्यानेही वाहन तपासणीचा दाखला, दाता गाडीचे कागद, जोडणीच्या पावत्या आणि विम्यात गाडीची नोंद प्रतिकृती म्हणूनच आहे ना, हे पाहणे शहाणपणाचे. गाडीचे रूप नकलेतही तेच राहते. किंमत आणि भरवसा मात्र तिच्या कागदांवर ठरतो.