ममता अमोल, म्हणून श्रम फुकट?

मुरुडसारख्या गावी एखाद्या शेतमजूर बाईने निराधार पोर पदराखाली घेतले, तर लोक तिला पुण्यवान म्हणतात. तिचा बुडालेला रोज कोणी मोजीत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रतिपालक कुटुंबावर मुलाच्या शिक्षण, आरोग्य व पोषणाची जबाबदारी टाकली. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ सूचनांनी दरमहा ४,००० रुपये साहाय्य ठरविले, म्हणजे दिवसाला सुमारे १३३. पण ते मुलाच्या खर्चासाठी. सांभाळणारीच्या श्रमासाठी नव्हे.

मोलकरणीशी लग्न केल्यास राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही पिगूंनी दाखविलेली विसंगती आम्ही वर्गात हसत शिकवितो. येथे ती हसण्याजोगी उरत नाही. बालगृहातील गृहमातेला मोबदला मिळतो. मग तेच काम घरी करणारीला प्रशिक्षण आणि मानधन का नसावे? ममता विकत घेता येत नाही, हे खरेच. पण म्हणून श्रम फुकट घेण्याचा अधिकार समाजाला प्राप्त होत नाही.