पहिले ७२ तास

कंडोम फाटला, रोजची गोळी चुकली किंवा काहीच वापरलं नव्हतं, तर पाळीची वाट पाहत बसू नका. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलीग्रॅमची एकच गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची; जितकी लवकर, तितकी खात्रीची. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते, आशाताईंकडेही असते. लग्न झालंय का, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं तुम्हाला बंधनकारक नाही. गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्या.

क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटांची काही औषधं चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो. अशा वेळी, किंवा उशीर झाला असेल तरीही, तांबी उत्तम. पाच दिवसांच्या आत बसवली तर तिच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, शिवाय पुढची काही वर्षं काळजी मिटते. गोळी मात्र दुसऱ्या दिवशीच्या संबंधांना पुरत नाही. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करा.

संबंध जबरदस्तीचे असतील तर लगेच रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधंही ७२ तासांतच सुरू करावी लागतात, आणि सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला प्रथमोपचार मोफत द्यावेच लागतात.