पोरीचं गणित सुटू देऊ नका



निकाल लागला की आपल्या मुदखेड भागात कितीतरी घरांत एकच बोलणं होतं. पोराला इंजिनिअरिंगला घालू, पोरीला बी.एस्सी. बास झालं. पोरीचं डोकं कमी पडतं का? सरकारची उच्च शिक्षणाची पाहणी तर वेगळंच सांगते. देशात विज्ञानाच्या पदवीला निम्म्याहून जास्त मुलीच आहेत. इंजिनिअरिंगला मात्र शंभरात साधारण २९. म्हणजे अभ्यास जमतो, घोडं अडतं ते फी, गावाबाहेरचं राहणं आणि लग्नाची घाई इथं.

पूर्वी तर शिकूनही नोकरी नव्हती. १९७४ च्या सुमारास पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत छापलं होतं, बायकांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. मुलाखतीचं बोलावणं आलं, नोकरी लागली.

आता फीचं बघा. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना सवलत आधीपासूनच आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्यायचा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला, तर सवलत गेली. खोली आणि खानावळ यात धरलेली नाही, खरा खर्च तिथंच होतो. त्यासाठी प्रगती शिष्यवृत्ती आहे, निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५० हजार रुपये.

आणि कॉलेज काही मुंबईलाच नाही. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, आपल्याला रेल्वेनं जवळ.

खरी मेख अकरावीत आहे. "गणित अवघड, पोरीनं जीवशास्त्र घ्यावं" असं कुणीतरी सुचवतं, आपणही मान डोलावतो. गणित सुटलं की इंजिनिअरिंगची वाट तिथंच बंद, हे बारावीनंतर कळून काय उपयोग? दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला, तर पुढं थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं, तीही वाट आहे.

उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला जूनच्या गर्दीत काढायला जाऊ नका. गटातल्या ज्यांची पोर यंदा बारावीला आहे, त्यांनी उन्हाळ्यातच मिळून तहसीलला चक्कर मारा.