घामाला वाट द्या

लेखमाला : मे महिन्यातलं घर – भाग ३

मागच्या भागात सुट्टीतल्या खाण्यापिण्याबद्दल बोललो. आज मुलांचे कपडे, आणि ते घालून करायचं काय. दोन विषय एकत्र घेतले, कारण मे महिन्यात मुलाला काय घालायचं हे ते कुठल्या वेळी आणि कुठल्या हवेत काय करणार आहे यावर ठरतं. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या हाती दिवसाचे दोनच तुकडे उरतात, सकाळी कामावर जाण्याआधीचा आणि संध्याकाळी परतल्यानंतरचा. उन्हाळ्यात मुलांना बाहेर काढायला नेमके तेच सगळ्यात चांगले. मुलांना वेळ देता येत नाही म्हणून झुरणाऱ्यांनी निदान एवढा दिलासा घ्यावा.

सुरुवात घामापासून करू, उन्हाळी कपड्याचा सगळा संबंध त्याच्याशीच आहे. त्वचेवरचा एक लीटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. पण तो वाळायला हवा. टपटप गळून गेलेल्या घामाने अंग फारसं गार होत नाही, आणि कपड्याखाली कोंडलेल्या घामाने त्वचेतली छिद्रं बुजून मान, पाठ, काखेत घामोळं उठतं. मुलांची अडचण मोठ्यांपेक्षा जास्त. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे बाहेरची उष्णता ती भराभर आत घेतात. घाम मात्र त्यांना मोठ्यांपेक्षा कमी येतो. घामोळ्यावर खोबरेल चोपडण्याची किंवा पावडरीचा थर देण्याची आपल्याकडे फार हौस. त्याने छिद्रं आणखी बुजतात. गार पाण्याने अंग पुसावं, कोरडं करावं आणि उघडं ठेवावं, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. तान्ह्या बाळाचा डायपरही दिवसातून काही वेळ काढून ठेवा. लंगोट धुण्याचा त्रास त्याच्या मांड्यांवरच्या लाल चट्ट्यांपेक्षा बरा.

‘सुती घाला’ हे सगळेच सांगतात, पण जीन्सही सुतीच असते! कापूस ओलावा धरतो हे खरं. साध्या हवेत तो आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण जाड सुती कापड घाम पिऊन तसंच ओलं बसून राहतं, लवकर वाळत नाही. म्हणून सुताइतकंच वीण आणि जाडी पाहायची. मलमल, वॉयल, कॅम्ब्रिक, पातळ होजिअरी यांतून वारा जातो. कापड एकपदरी करून उजेडासमोर धरलं की वीण किती मोकळी आहे ते दुकानातच कळतं. ‘कॉटन फील’, ‘कॉटन मिक्स’, ‘कॉटन रिच’ असं छापलेलं दिसलं की आत शिवलेली बारीक पट्टी वाचावी, टक्के तिथे दिलेले असतात. फ्रॉक उलटा करून पाहिल्याशिवाय तर घेऊच नये. वरचं कापड छान सुती आणि आतलं अस्तर पॉलिएस्टरचं, हा प्रकार बाजारात फार. आणि अंगाला लागतं ते अस्तर. उन्हाळी शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या टी-शर्टांवर छातीभर रबरी छपाई असते. तेवढ्या जागेतून वाराही जात नाही आणि घामही वाळत नाही. शिबिराचा फोटो काढून झाला की तो टी-शर्ट बदलावा.

नवा सुती कपडा एकदा धुऊनच घालावा, कारण खळ असेपर्यंत तो पाणी नीट शोषत नाही. खरं तर सगळ्यात उत्तम उन्हाळी कपडा दुकानात मिळतच नाही. थोरल्याचा धुऊन धुऊन विरत आलेला सदरा धाकट्याला दोन बोटं ढगळ होतो, तो हा कपडा. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची झबली शिवायचे त्यामागे काटकसर होती, पण ती बाळाला सोसतही छान. पॉलिएस्टर सरसकट वाईट, असं मात्र नाही. खेळाडूंसाठी विणलेलं जाळीदार कापड घाम पसरवून लवकर वाळवतं, संध्याकाळी तासभर फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला ते चालेल. दिवसभर मात्र नको.

आता महाराष्ट्राचे दोन भाग करावे लागतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी आणि खाली गोव्यात पारा बहुधा ३३-३४ च्या आसपास थांबतो, पण हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते आणि घाम वाळता वाळत नाही. तिथे कपडा कमीत कमी, बिनबाह्यांचा, ढगळ, आणि ओला झाला की लगेच बदलायचा. पाळणाघरात मूल ठेवत असाल तर पिशवीत खाऊच्या डब्याआधी दोन जादा बंड्या टाका, आणि दुपारच्या झोपेआधी बदलायला ताईंना आठवणीने सांगा. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला हवा कोरडी, घाम चटकन वाळतो, पण पारा ४३-४४ च्या पुढे सरकतो. आपल्या त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की उघड्या त्वचेला वाऱ्यातूनच उष्णता मिळू लागते. म्हणून तिकडे बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा, पायजमा आणि डोक्याकानांवरून दुपट्टा. मुंबईचा नातू आजोळी अकोल्याला गेला की आजी त्याला बनियनवर अंगणात जाऊ देत नाही. आजीचं बरोबर आहे, आणि नातवाला मुंबईत बनियनवर ठेवणाऱ्या आईचंही.

रंगाचा प्रश्न हमखास निघतो. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा शोध घेणारा एक प्रयोग १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, पण त्वचेपर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच भरली. झगा ढगळ असल्याने आत खेळणारी हवा ती जादा उष्णता घेऊन जात होती. तेव्हा आधी ढगळपणा पाहा, मग रंग. फिका रंग मिळाला तर घ्यावाच, पण पांढरा म्हणून अंगाला चिकटणारा टी-शर्ट घेण्यात हशील नाही.

बाहेर किती वाजेपर्यंत ठेवायचं, हे मुलांनाच ठरवायला शिकवता येतं. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तोवर खेळायचं, उंचीपेक्षा आखूड झाली की घरात यायचं. मेच्या मध्यावर मुंबईत सावली सकाळी साडेनवाच्या जरा आधी आखूड होते आणि दुपारी पावणेचारनंतर पुन्हा लांब. मात्र तेव्हा जमीन आणि भिंती तापलेल्या असतात, म्हणून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत थांबलेलं बरं. कामावर जाण्याआधी मुलांना घेऊन मंडईत जाणं, आंबे निवडून आणणं, झाडांना पाणी घालणं, गच्चीवर ताटभर साबुदाण्याच्या पापड्या घालणं, हे सगळं त्या सकाळच्या तासात बसतं. त्यासाठी शनिवारची वाट पाहावी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

सावलीचा एक खेळ तर वर्षातून दोनदाच मिळतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे दोन दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला दिवस मे महिन्यात येतो: कोल्हापूरला ६ च्या, सोलापूरला १० च्या, पुण्याला १३ च्या, मुंबईला १५ च्या, नाशिकला २० च्या आणि नागपूरला २६ च्या सुमारास. दुसरा जुलै-ऑगस्टमध्ये, पण तेव्हा ढग असतात. मुंबईत ती वेळ दुपारी १२.३५ च्या आसपास, पुण्यात १२.३१, नागपुरात १२.१०. तारीख कामाच्या दिवशी आली तर अलीकडच्या किंवा पलीकडच्या रविवारी करा. दोन-तीन दिवसांच्या फरकाने मीटरभर काठीची सावली दोन सेंटिमीटरपलीकडे जात नाही. टोपी घालून पाच मिनिटं गच्चीवर, आणि लगेच खाली. काठीऐवजी दंडगोल डबा उभा ठेवला तर लहान मुलांना जास्त मजा वाटते.

संध्याकाळसाठी दुसरा प्रयोग. दोन सारख्या बाटल्यांत पाणी भरा. एकीला ओला सुती पायमोजा चढवा, दुसरीला ओला नायलॉनचा, आणि खिडकीत वाऱ्यावर ठेवा. तासाभराने मुलांना दोन्हींतलं पाणी चाखायला द्या. नायलॉनचा मोजा पाणी धरत नाही, लवकर वाळून बसतो. सुती मोजा ओला राहून बाटली गार करत राहतो. माठ असाच गार होतो आणि आपणही. हाच प्रयोग अमरावतीच्या मावसभावाला फोनवरून करायला सांगा. त्याच्या कोरड्या हवेत बाटली पनवेलच्या बाटलीपेक्षा कितीतरी गार होईल, आणि का, यावर दोघांना भांडू द्या.

मे म्हणजे लग्नसराई. पोराला शेरवानी आणि पोरीला पॉलिएस्टरच्या खणाचं परकर-पोलकं घालायची हौस मलाही समजते. आतून मलमलची बंडी घाला आणि अक्षता पडल्या की कपडे बदलून द्या, एवढीच विनंती. मूल चिडचिडं, सुस्त झालं, डोकं दुखतं म्हणालं तर फोटो राहू देत. आधी सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि घोट घोट पाणी द्या. अंग तापलेलं असून मूल बरळू लागलं किंवा गुंगीत गेलं तर तोंडातून काही न देता थेट दवाखाना गाठा.

शाळा जूनच्या मध्याला उघडेल, विदर्भात थोडी उशिरा. आत्ता मलमलमध्ये बागडणारं मूल तेव्हा टेरीकॉटच्या गणवेशात, नायलॉनच्या मोज्यांत आणि गळ्याशी टाय बांधून दिवसातले पाच-सहा तास बसेल. टेरीकॉटला इस्त्री लागत नाही, तो वर्ष-दोन वर्षं टिकतो, म्हणून शाळेला सोयीचा, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. तेव्हा पहिल्या पालकसभेत सगळा गणवेश बदला म्हणून भांडू नका, ते होणार नाही. दोनच गोष्टी मागा: मोजे सुती चालतील असं लेखी द्या, आणि ऑक्टोबरचा उकाडा सरेपर्यंत टाय नको.