‘डास’ : एक शब्द, दोन जीव

संस्कृत ‘दंश’, प्राकृत ‘डंस’, मराठी ‘डास’ ही परंपरा अभ्यासकांस परिचित आहे. चावण्यावरून पडलेल्या या नावात जन्मस्थानाची खूण मात्र नाही. आणि पिंपळे गुरवसारख्या पवनाकाठच्या वस्तीत ही उणीव केवळ कोशापुरती राहत नाही. येथे डास म्हटला की दोष नदीला व तिच्यावरील जलपर्णीला दिला जातो. तो निम्माच खरा होय. घाण पाण्यात वाढणारा, रात्री चावणारा क्युलेक्स तिकडचा. डेंग्यू पसरविणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा एडिस मात्र अंगणातील स्वच्छ पाण्याचा. पिंप, कुंडीखालची बशी, टाकलेला टायर एवढे त्यास पुरते, आणि तेथून तो सहसा फार दूर उडत नाही. नदी उद्या निर्मळ झाली तरी त्याचे काही अडणार नाही.

अंड्यापासून डास होण्यास सुमारे ८ ते १० दिवस लागतात. आठवड्यास एक ‘कोरडा दिवस’ पाळावा, हा हिशेब त्यावरूनच आला. परंतु भांडे उपडे करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत आतल्या कडेस चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. ती कडा घासूनच काढावी लागतात. ‘कोरडा दिवस’ या शब्दयोजनेत ही घासणी कोठेच नाही.