चाखून बघ, हुंगून बघ, तपासून बघ

आपण भाजीचं मीठ ‘चाखून बघतो’, दूध नासलं का ते ‘हुंगून बघतो’, लेकराचं कपाळ ‘हात लावून बघतो’. म्हणजे आपल्या बोलीत बघणं हे नुसतं डोळ्यांचं काम नाही. जीभ, नाक, हात सगळेच बघतात. विज्ञानातलं निरीक्षणही इथूनच सुरू होतं. त्यात दोन गोष्टी वाढतात. एक, आपलं अंग कमी पडेल तिथे साधन घ्यायचं. कपाळ गरम लागलं की थर्मामीटर लावायचा. दोन, तेच दुसरीनं करून बघितलं तर तिलाही तेच दिसलं पाहिजे.

आता विहिरीचं पाणी घेऊ. ‘किती नितळ आहे, तळ दिसतो,’ असं आपण म्हणतो. ते खरंही असतं. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांची खूण मात्र दिसते. त्यासाठी एचटूएस बाटली असते. आत बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायची. मैल्यातले जंतू असले तर 24 ते 48 तासांत पाणी काळं पडतं.

‘बाटली काळी झाली’ हे आपण बघितलं. ‘पाण्यात मैला मिसळतोय’ हा त्यावरून काढलेला अर्थ. तसंच ‘लेकराला जुलाब लागले’ हे बघितलेलं, ‘नजर लागली’ हा लावलेला अर्थ. दोन्ही वेगळे ठेवले की अर्थ तपासता येतो. नजर तपासायला बाटली नाही, पाणी तपासायला आहे. आणि दृष्ट काढण्यात वेळ गेला तर लेकराच्या अंगातलं पाणी कमी होतच राहतं. म्हणून जुलाब लागताच ओआरएस सुरू करू, आशाताईंना बोलावू.

बाटली काळी झाली तर ग्रामपंचायतीला कळवू, टीसीएल पावडर टाकून घेऊ, तोवर पाणी उकळून पिऊ. काळी झाली नाही तरी फ्लोराईड, नायट्रेट तिच्यात कळत नाही. त्याची तपासणी वेगळी.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण, हे गटाच्या पुढच्याच बैठकीत विचारू या.